बंदुकीतले राघू

माहं गाव देवळीपासून आत, एस.टी.तून उतरलं का मंग पायीच, दोन्ही बाजूनं कापसाची पऱ्हाटी आन मधात रस्ता. तिथंच जलमलो, तिथंच म्हातारा झालो. नाव माहं वासुदेव, पण गावात बंदूकवाले आबाजीच म्हणतेत, आता बंदूक नाई तरी म्हणतेत. काय सांगू तुम्हाले ताई, बंदूक म्हणलं का तुमच्या डोळ्यासमोर पोलीस येत असन, चोर येत असन, माह्या डोळ्यासमोर राघूच येतेत.

माह्या बापाजवळ ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी लायसन घेतलेली, डुकरं हाकलाले. मी एवढासा, मचाणाखाली बसून राहो, जवारी दाण्यावर आलेली, आन बाप आभाळाकडं नळी करून बार काढे, नुसती दारू, छर्रे नाई. मंग धूर, आन त्या धुरातून राघू, हिरवेगार, गंज राघू, आभाळ भरून जाये. ते सारे जवारीत बसलेले राहेत, पण मले खालून कुठं दिसतीन, मले वाटे का बंदुकीतूनच निघतेत. एक दिवस इचारलं, बाबा, एका बारात किती राघू भरता? बाप हसला नाई, म्हणे जितके मावतीन तितके. आजबी डोळे मिटले का तो धूर दिसते मले, त्याचा वास येते, आन तो आवाज नदीच्या पलीकडं जाऊन परत येते, हळूहळू, जसं कोणी बांधावरून हाक देऊन राह्यलं.

बाप गेला, बंदूक माह्या नावावर झाली. निवडणूक आली का ठाण्यात जमा करा, निवडणूक सरली का आणा, तितके दिवस भिंतीवरचा खिळा रिकामा, आन माही बुढी, कमल, म्हणे, सवत माहेरी गेली वाट्टे. हो, सवतच म्हणे तिले. जीव नाई घेतला ताई म्या त्या बंदुकीनं कोणाचा, डुकराचा बी नाई, आवाजच करो फक्त, पण आवाजाची बी इज्जत राह्यते. दसऱ्याले तिले उतरवो, तेलाच्या फडक्यानं पुसो, पाटावर ठेवो, तिच्या बाजूले विळा, कुऱ्हाड, वखराची पास, आन त्याच पाटावर लेकराइच्या पाट्या-पुस्तकं. आमच्याकडं असंच, ज्याच्यावर घर चालते ते सारं एका पाटावर, सगळ्याइले हळदकुंकू एकाच बोटानं.

पोरगा विनोद आन सुनबाई सुनीता वर्ध्याले, पिपरीत राह्यतेत. सुनबाई शाळेत मास्तरीण, आन नात मनू त्याच शाळेत दुसरीत. सुट्टीत गावाले आली का माह्या मांडीवर बसून म्हणे, आबाजी, राघूची गोष्ट. मी सांगो का आपल्या बंदुकीत राघू राह्यतेत. तिले खरं वाटे, आन खोटं कायले बोलू, सांगता सांगता मले बी खरं वाटे.

मंग यंदा काय झालं, दूर कोण्या देशात शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसला, त्याचा व्हिडिओ पालकाइच्या मोबाईलवर फिरला, सारे भेले. शाळेनं पालकसभा बोलावली. मी तवा डोळे दाखवाले वर्ध्याले गेलतो, विनोद म्हणे बाबा तुम्ही बी चला. तिथं एक टायवाला उभा राह्यला, म्हणे गेटवर बंदूकवाला गार्ड पाह्यजेच, लेकराइच्या जिवाचा सवाल आहे. एक बाई म्हणे, आन त्या गार्डचंच डोकं फिरलं तं त्याच्यावर कोण गार्ड? तिसरा म्हणे, ज्याले मारायचं आहे तो काय लायसन काढून येते, भल्या माणसाच्या हातात बंदूक असली तं बुऱ्याले भेव राह्यते. शाळेच्या मोठ्या मॅडम म्हणे, सकाळी शाळेत पाय टाकताना लेकरानं पयले पाहावं काय, फुलझाडं का बंदूक? मले तं टायवाल्याचंच पटलं. आन विनोदनं हसत हसत सांगून टाकलं का माह्या बाबाजवळ बंदूक आहे, तं सारे माह्याकडं पाहाले लागले, टायवाला म्हणे, आबाजी, तुम्हीच उभे राहा ना गेटवर. फुगलो ना ताई मी. मोठ्या मॅडमनं सांगितलं का पिकाच्या लायसनवर शाळेत उभं राहता येत नाई, पण ते मले ऐकूच नाई आलं, मनात मी गेटवर उभा बी झालतो, धुतलेलं धोतर, खांद्यावर बंदूक, आन मनू साऱ्या पोरीइले सांगून राह्यली, हे माहे आबाजी. शेवटी ठरलं का गार्डचं मागून पाहू, पयले लेकराइले शिकवा, कोणी घुसलंच तं काय करायचं ते.

दसऱ्याले सारे गावाले आले. म्या पाट मांडला, बंदूक ठेवली, विळा ठेवला, आन मनूले म्हणलं, ये बेटा, ठेव तुही पाटी. तं ती दारात उभी, पाटी-पुस्तकं छातीशी धरून. नाई म्हणे. काऊन नाई? म्हणे, बंदुकीजवळ नाई ठेवत. डोकं गरम झालं माहं, सणाचा दिवस, बापाची बंदूक, वरून शेजारचे नामदेवराव सोनं घेऊन दारात आलेले. म्या म्हणलं, शहरात हेच शिकवता का लेकराइले? तवा सुनबाई बोलली, मामाजी, तिलेच इचारा ना एकडाव.

मी तिच्यासमोर खाली बसलो. ती सांगाले लागली, हळू आवाजात, जसं अजून कोणी ऐकून राह्यलं. शाळेत ते शिकवाचा दिवस होता, लांब घंटी वाजली, दाराले कडी लावली, लाइट बंद, सारे बेंचखाली. मॅडम म्हणे, श्वास बी आवाज न करता घ्या. एक पोट्टा म्हणे, आता बंदूकवाला येते. तं मनू म्हणे, भेऊ नका, माह्या आबाजीजवळ बी बंदूक आहे, तिच्यातून राघू निघतेत. बेंचखाली सारे हसले. मंग बाजूच्या पोरीनं तिच्या कानात सांगितलं का बंदुकीतून काय निघते आन माणसाचं काय होते. आबाजी, म्हणे, मी रडली नाई, आवाज करायचा नव्हता ना.

काय सांगू तुम्हाले. माही नात अंधारात श्वास दाबून बसली, आन ज्याच्या भेवानं बसली त्याले बंदूकवाला म्हणतेत, आन मले बी तेच म्हणतेत. लय वाईट वाटलं ताई. उठलो, पाटावरची बंदूक उचलली, फडक्यात गुंडाळून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. तवा तिनं पाटी ठेवली, विळ्याच्या बाजूले.

नामदेवराव ओट्यावर बसून समजावाले लागले. आबाजी, लेकराच्या बोलण्यानं कोणी आपला हक्क सोडते का? आज बंदूक देसान, उद्या कुऱ्हाड मागतीन. डुकरं वावरात शिरतीन तवा मनू येईन का हाकलाले? गलत नाई बोलले ते. आपल्या वावराची, आपल्या घराची राखण आपणच करावी, सरकार काय रोज येते, हे मले आजबी पटते. पण घरातलंच लेकरू भेत असन तं म्या राखण केली कोणाची? हे म्या त्याइले इचारलं, तं ते म्हणे, चहा सांगा.

मंग बंदूक ठाण्यात नेऊन दिली. शिपाई म्हणे, आबाजी, निवडणूक तं नाई आता. म्हणलं, आता परत न्याले येत नाई मी. घरी आलो, बुढी रिकाम्या खिळ्याकडं पाहून म्हणे, गेली माही सवत, आन पदरानं डोळे पुसले तिनं.

डुकरं येतेत. हरभऱ्याचा कोपरा उकरला यंदा, जिवाले लागत नाई अशातला भाग नाई, पण चालते, त्याइलेबी पोट आहे. जवारी आता कोणी पेरत नाई, मी चार ओळी पेरतो, राघूसाठीच म्हणा. दिवाळीच्या सुट्टीत मनू आली, सकाळी वावरात आली माह्यासंगं, धुकं होतं, दवानं पाय ओले. म्या तिच्या हातात तेलाचा रिकामा डब्बा देला आन एक काडी. वाजव म्हणलं. पयले भेली ती, माह्याकडं पाह्यलं, मंग वाजवला, मंग जोरानं वाजवला, आन जवारीतून राघू उठले, गंज राघू, धुक्यातून वर, आभाळ हिरवं. ती तोंड उघडं टाकून पाहातच राह्यली. म्हणे, आबाजी, एवढे कुठून आले? म्हणलं, तुह्या डब्ब्यात जितके मावले तितके.

तिले आता सारं माहीत आहे ताई. तरी तिनं डब्बा तिरपा केला आन आत डोकावून पाह्यलं. तुमच्या घरच्या लेकराइलेबी असं रिकाम्या डब्ब्यात डोकावाले भेटो, बस.