आजोबांचा नऊ किलोचा मासा

धरणावर मासे धरायचा परवाना देणाऱ्या खिडकीसमोर रांग होती. निवृत्त मास्तरांच्या पुढेच एक आजोबा आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात उभी होती. मास्तरांच्या कानांना मुलांचं बोलणं ऐकायची जन्माची सवय.

“आज गळ कुठे टाकायचा, आजोबा?”

“भिंतीजवळ, खोल पाण्यात. उन्हाळ्यात काठचं पाणी तापतं, मग मासा गारव्याला तळाशी जातो.”

“पण फोटोतला नऊ किलोचा तर तुम्हाला काठाशीच मिळाला. तोही उन्हाळ्यात.”

“रांग सरकली बघ. पुढे हो.”

“सांगा ना. मी सगळ्या वर्गाला सांगितलंय, आजोबा त्याच्याशी तासभर झुंजले.”

“झुंजलो नाही गं, चिमणे.”

“म्हणजे?”

“उकाड्याने पाण्यातला प्राणवायू कमी झाला होता. तो बिचारा काठाशी वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. मी वाकलो आणि दोन्ही हातांनी उचलला.”

“मग फोटोत त्याच्या तोंडात गळ आहे तो?”

“नंतर अडकवला. फोटोसाठी.”

“तेव्हा तो जिवंत होता?”

“होता.”

नात आजोबांपासून एक पाऊल बाजूला सरकली. मास्तर उगाचच आपला अर्ज पुन्हा वाचू लागले.

“किती जणांचा परवाना?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“एकाचाच द्या. हिच्या नावाने.”

“आणि तुम्ही, आजोबा?”

“मी नुसता शेजारी बसेन. ही बसू देणार असेल तर.”