यशवंतरावांच्या पोटातली बातमी

वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी मी सौंसरच्या दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. ते आत झोपले होते. शेजारी प्रेमलताबाई होत्या. आतड्याच्या ऑपरेशनपासून त्यांच्या भावाच्या, यशवंतरावांच्या पोटात घास गेला नव्हता. तेवढ्यात त्यांची वहिनी पंचफुला आतून धावत आली.

"बाई, झालं! तुमच्या भावाचा वारा सरला!"

"हळू बोला वहिनी, लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या! डॉक्टर सायेब रोज कानातली नळी पोटाले लावत अन् म्हणत, आतडं झोपलं आहे. आज गुरगुर ऐकू आली, अन् मंग वारा!"

"मंग आता भाकर देऊ?"

"आधी पेज, थोडी थोडी. आतडं अन्न पुढं ढकलते, तवाच त्यातलं सत्व रक्तात जाते म्हणे."

"पण आतडं त कापलं ना?"

"वीतभर कापलं. लुगड्याएवढं लांब असते ते, घड्या घालून ठेवलेलं. वीतभरानं का होते?"

"भाऊ लाजला असन."

"तोंडावर चादर घेतली! मी म्हटलं, लाजता कायले? याच्यासाठीच त देव पाण्यात ठेवले होते. माह्या मनात मावून नाही राहिलं, साऱ्या वॉर्डाले सांगून आली!"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले आणि आत गेले. बाबा जागे झाले होते. आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं ते मी त्यांना मोठ्याने सांगितलं, "बाबा, माझा तुमच्यावर लय जीव आहे."