जुळणी बिघडते तेव्हा

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या काकूंना आधी वाटलं, मागचे दोघे तरुण कुणाच्या तरी संसाराबद्दल बोलताहेत.

"जवळ असलं की छान जुळतं रे. लांब गेलं की बिघडतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, धाडलेलं अर्धं आल्या पावली परत."

काकूंनी कान टवकारले.

"पण सिग्नल क्षीण झाला की अ‍ॅम्प्लिफायर जोर वाढवतो ना?"

"तिथंच तर घोडं पेंड खातं. जोर वाढवला की अँटेनाशी जुळणी बिघडते. सिग्नल आत शिरायचा सोडून उलटा फिरतो."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आपल्या टेबलावर तर झकास चालतं."

"मग स्क्रीनवर पेशंटचे ठोके दिसायचे बंद होतात?"

"बंद झाले असते तर कळलं तरी असतं. शेवटचा आकडा तसाच राहतो."

"बाप रे! आणि ठोके मोजून धाडणारी ती पट्टी इथं कुणाच्या छातीवर लावलीय?"

"चाचणीसाठी एकालाच. टोकाच्या खोलीत. डॉक्टर आले की काढायला सांगू."

काकू उठल्या. भिंतीला धरत धरत त्या सिस्टरच्या टेबलापाशी पोचल्या.

"सिस्टर, टोकाच्या खोलीत आमचे हे आहेत. त्यांना जरा बघता का? आत्ता?"

"काकू, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. ही बघा स्क्रीन. बहात्तर ठोके. मघापासून एकानंसुद्धा इकडचे तिकडे नाहीत."