आईच्या हातातल्या मुंग्या

घरातलं म्हातारं माणूस हाताला मुंग्या येत्यात म्हणलं, तर आधी फ्रिजला टेस्टर लावून बघा. मी न्हाई लावला.

आमचं दिंद्रुडचं घर वडिलांनी बांधलं तेव्हा त्यात दोन बल्ब आन एक पंखा होता. त्याच जुन्या बोर्डावर आमी पुढं फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर, सगळं चढवलं. फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मीच त्यात जाड तार घातली.

आई म्हणायची, "फ्रिजला हात लावला की मुंग्या येत्यात."

"शुगर हाय तुला," मी म्हणायचो. बीडच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. तिनं त्या सहा महिने खाल्ल्या.

मग एक दिवस बोर्डातून धूर निघाला. वायरमननं येऊन, आईच्या मुंग्यांचं ऐकून फ्रिजला टेस्टर लावला, तर टेस्टरातला दिवा लागला. तो म्हणाला, "अर्थिंगच न्हाई. फ्यूज उडायला लागला तवाच बोर्ड बदलायचा होता. म्हातारी वाचली कशी?"

मी आईला विचारलं, "मला परत सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं व्हतं. तू गोळी घेतली का म्हणून इचारलंस."

बोर्ड नवा बसवला. तरी आई हाताला पदर गुंडाळूनच फ्रिज उघडती. काल म्हणलं, "आई, आता करंट न्हाई त्यात."

ती म्हणाली, "तू म्हणतूस म्हणून कसं मानू?"