चौथी ओळ

(स्वातंत्र्याचं निशाण चढायची वेळ. चौकातल्या व्यासपीठामागे दोन जावा उभ्या आहेत. दोघी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला.)

धाकटी : पदर नीट घ्या, जाऊबाई. साबणाचा डाग दिसतोय.

थोरली : दिसू दे. चादरी धूत धूतच हा दिवस पाहिलाय. तू तुझी ओळ म्हणून बघ. मनातल्या मनात हं!

धाकटी : अजून मनातल्या मनात? साहेब गाशा गुंडाळून गेला की काल!

थोरली : सवय गं. आपण दोघी, मुकादमबाई, सुईणबाई: चार बायका, चार ओळी, एकीची दुसरीला ठाऊक नाही. मास्तरांनीच आपली कविता तशी वाटून दिली. एखादी पकडली गेली तरी कविता पकडली जायला नको.

धाकटी : मास्तर आपल्या धुलाईघरात लपले होते तेव्हा चादर पिळायला उभे राहायचे, आठवतं? दुसरं टोक धरायचं, पीळ देत देत जवळ यायचं आणि कानात ओळ सांगायची.

थोरली : पिळणं कसलं! निम्मं पाणी चादरीतच राहायचं. कविता तेवढी चांगली करायचे.

धाकटी : आणि आता त्यांनाच आठवत नाही. तुरुंगाने सगळं पुसून टाकलं. काल सुटून आले तर म्हणाले, माझी कविता मला एकदा ऐकवा.

थोरली : काय ऐकवणार? शेवटची ओळ होती सुईणबाईंकडे, आणि हिवाळ्यात त्या तापाने गेल्या.

धाकटी : आपण जुळवू या का एखादी?

थोरली : लाज वाटत नाही? लाठ्या खाताना माझ्या तोंडात माझी ओळ होती. मरताना सुईणबाईच्या तोंडात तिची असेल. तिच्या जागी मी उसनी घालू? तीनच म्हणायच्या. चौथ्या जागी गप्प राहायचं.

धाकटी : अगंबाई, सुईणबाईंचा नवरा! तो बघा खांबाशी, पोलीस शिपायाच्या टोपीत. आजच्या दिवशीही!

थोरली : कालपर्यंत साहेबाचा शिपाई, आज कुणाचा म्हणे? ती टोपी बघूनच आपण कधी त्यांच्या दारात गेलो नाही.

शिपाई : वहिनी, ऐकू येतंय मला.

थोरली : येऊ दे. कान तर तुमचे पहिल्यापासून तिखट.

धाकटी : चला, नाव पुकारलं! मुकादमबाई तिकडे चढल्यासुद्धा.

थोरली : हात धर माझा. चल, चढू या… "दार आमचं, कुलूप तुमचं, बसा किल्ली जपत!"

धाकटी : "भिंतीआडचं गाणं कधी राहिलंय का लपत?"

मुकादमबाई : "एक तोंड बंद कराल, दुसरं गाऊ लागेल!"

धाकटी : जाऊबाई… मास्तर वाट बघतायत. कानामागे हात धरून बसलेत.

थोरली : गप्प उभी राहा. ही जागा तिची आहे.

शिपाई : "तुमच्या दारचा शिपाईसुद्धा गाणं ऐकून जागेल!"

धाकटी : अहो, जुळली! हीच ती!

थोरली : तुम्हाला… तुम्हाला कशी ठाऊक?

शिपाई : तापात रात्रभर तेवढंच बोलत होती, वहिनी. पहाटे मी तिच्याबरोबर म्हटलं, तेव्हा हसली.

थोरली : आणि आमची नावं?

शिपाई : ती मला तेव्हाही ठाऊक होती. वर कुणी विचारलं की म्हणायचो, धुलाईघरात नुसत्या चादरी आहेत.

धाकटी : ऐका, ऐका! अख्खा चौक म्हणतोय! पार दवाखान्याच्या गच्चीवरून म्हणतायत!

थोरली : मला दिसेना गं काही, डोळे भरलेत. मास्तर काय करतायत?

धाकटी : उभे राहिलेत. म्हणतायत चौकाबरोबर. शेवटच्या ओळीला अडले, आता शिपाईदादांना खुणावतायत.

शिपाई : वहिनी, ही टोपी जरा धरता का? मास्तर म्हणतायत, पुन्हा सांगा.