देऊ तिला चारा

काकू : नाही म्हटलं ना एकदा. चहा घे आणि दुकान उघड जा.

टेलरबाई : अहो काकू, उद्या सभागृहाला सरांचं नाव द्यायचंय. आणि पहिल्या रांगेत सरांच्या बायकोचीच खुर्ची रिकामी? बरं दिसतं का ते?

काकू : न दिसायला काय झालं? गावाचे होते ना ते, मग बसू दे गावालाच. एखादी सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या मी. अख्ख्या गावाच्या झिंज्या कशा उपटू?

टेलरबाई : काहीतरीच तुमचं! सरांचा जीव होता तुमच्यावर.

काकू : तू नको सांगूस. तुझं दुकान निघालं तेव्हा सकाळपासून फळ्या ठोकत होते तिथे. माझ्या स्वयंपाकघरातली फळी वर्षभर एका खिळ्यावर लोंबकळत होती. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नात पाहुण्यासारखे अर्धा तास टेकले. का, तर कुणा म्हातारीला जुनी गाणी येतात आणि तिचा काही भरवसा नाही!

टेलरबाई : पण त्या म्हातारीची गाणी राहिली ना त्यामुळे. आमच्या पोरांना येतात आज. उद्या तर आम्ही सरांचं ‘नीज आली दारी’ म्हणणार आहोत.

काकू : सरांचं?

टेलरबाई : म्हणजे... सरांनीच शिकवलं ना.

काकू : माझ्या आईचं आहे ते! धाकट्याला थोपटत मी म्हणत होते आणि हे दाराआड उभं राहून टिपून घेत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळी कार्टी शाळेत बोंबलताय! आता नातवाला झोपवताना म्हटलं, तर शेजारीण खिडकीतून काय म्हणते? ‘अय्या, सरांचं गाणं!’ अंगाचा नुसता तिळपापड होतो.

टेलरबाई : आई शपथ, मला हे माहीतच नव्हतं.

काकू : आणि तेही धड नाही. म्हण बघू.

टेलरबाई : ‘नीज आली दारी, बाहेर झोंबे वारा, आत घेऊ तिला, देऊ तिला चारा.’

काकू : चारा! झोप म्हणजे काय म्हैस आहे?

टेलरबाई : सर सांगायचे, नीज ही गाय आहे असं समजायचं...

काकू : डोंबलाची गाय! दार मध्ये होतं, नीट ऐकू आलं नाही, एवढंच. आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, नवरा गावाचा झाला, गाणं गेलं, एक शब्द तरी माझा राहू दे.

टेलरबाई : मग खरा शब्द कोणता?

काकू : वा गं वा! सांगते हं, थांब. उद्या माईकवरून ओरडायला.

टेलरबाई (कप खाली ठेवत) : काकू, सरांना माहीत होतं.

काकू : काय माहीत होतं?

टेलरबाई : चारा चुकलाय ते. एकदा मी वर्गात हटूनच बसले, की हे मला पटत नाही. गायीचं सांगून झालं. मग सगळे गेल्यावर मला म्हणाले, ‘पटायचं नाहीच तुला. खरा शब्द आमच्या घरात आहे. बाईसाहेबांनी लपवून ठेवलाय माझ्यापासून. असू दे. मी सगळंच वाटून टाकलं तर तिच्याकडे काय उरेल?’

काकू : बाईसाहेब म्हणाले?

टेलरबाई : अगदी असंच.

काकू : पुढेही पोरांना थोपटायची तेव्हा शेजारी डोळे मिटून पडलेले असायचे. तो शब्द आला की मी आवाज खाली आणायची. आणि हा लबाड माणूस जागा!

टेलरबाई : बघा. म्हणून म्हणते, जीव होता.

काकू : आणि हे तुला सांगितलं.

टेलरबाई : काकू...

काकू : मला नाही सांगितलं. तुला सांगितलं!

टेलरबाई : मी विचारलं म्हणून हो. तुम्ही कधी विचारलंत?

काकू : ...चहा गार झाला तुझा. दे, तापवते.

टेलरबाई : उद्या याल ना?

काकू : येईन. पण पहिल्या रांगेत नको.

टेलरबाई : आता काय झालं?

काकू : गाणं लागलं की माझ्याच्याने गप्प बसवणार नाही. मला पार मागे बसव. तुम्ही पुढे खच्चून ‘चारा’ म्हणा. माझं मी म्हणेन.