हौसाआक्कांनी पातेलं उतरवलं

इथं जमलेल्या मावश्यांनो, ताईंनो, दादांनो,

मला माइकवर बोलायची सवय नाही. वायरिंगच्या कंपनीत मान खाली घालून काम करणारी बाई मी. त्यात आज हौसाआक्कांच्या शोकसभेत बोलायचं. पण आक्कांच्या लेकीनं हाताला धरून उभं केलं, म्हणाली, ती कंदांची गोष्ट तूच सांग. सांगते.

मी संगीता. लातूरकडची. लग्न होऊन निघोज्यात आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून रविवारी इथं यायचे, राखीव वनातल्या आपल्या या सांस्कृतिक केंद्रात. आधी भजन व्हायचं. मग हौसाआक्का सगळ्यांना टेकडीवर न्यायच्या, झाडं दाखवायच्या. मी आपली मागं मागं. गावच्या बायकांना सगळं ठाऊक. त्यांच्यात मी काय बोलणार?

आक्कांची जमीन कंपनीत गेली, पण बांधावरची एकेक वेल त्यांच्या डोक्यात होती. तरी विचारायच्या. हे कुठनं आलं? याला बी कधी धरतं? वनरक्षकदादांना त्यांनी प्रश्न विचारून किती दमवलंय, ते दादाच सांगतील.

एका वर्षी इथं रानभाज्यांचा दिवस होता. पाहुणे आलेले. आक्कांनी घरामागच्या बांधावरून पाटीभर कंद खणून आणले होते. करांदे आहेत, उकडून खायचे, म्हणाल्या. पातेल्यात पाणी उकळत होतं. मी कंद धुवायला बसले आणि एक हातात घेऊन थबकले. नांगराच्या फाळासारखा वाकडा. असला कंद आईनं मला लहानपणी दाखवला होता आणि बजावलं होतं, याला हात लावायचा नाही.

आता सांगा, मी काय करायचं? नवखी बाई, आणि चूक काढायची कुणाची, तर हौसाआक्कांची? पण गप्प बसले असते तर?

मी हळूच म्हणाले, आक्का, हे करांदे नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, आता ही आक्कांना शिकवणार व्हय? आक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला विचारलं,

"तुमच्याकडं ह्याला काय म्हणत्यात?"

"खड्यानाग. विषारी असतं."

त्यांनी आधी पातेलं खाली उतरवायला लावलं. मग पाहुण्यांना तसंच बसवून मला घेऊन बांधावर गेल्या. खणलेल्या जागी वेल पडली होती. त्यांनी पान डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं, मग बोटानं चाचपलं. पानाचं टोक दोऱ्यासारखं वळलेलं होतं.

"ही तर कळलावी, तुमचा खड्यानाग," त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं, की त्यांची नजर अधू झाली होती आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

परत आल्या आणि याच माइकवर म्हणाल्या, "माझं चुकलं. मला दिसत न्हाई आता. ह्या पोरीनं वाचवलं सगळ्यास्नी." मला वाटलं, त्यांना लागलं असेल. लागलंच असणार. पण खाली उतरून माझ्याजवळ बसल्या आणि विचारलं काय, तर तुझ्या आईला आणखी काय काय ठावं हाय?

त्या दिवसापासून टेकडीवर त्यांनी मला पुढं चालायला लावलं. मी दिसेल ते सांगायचे, त्या हुंगून, चाचपून नाव सांगायच्या. कधी माझं चुकायचं, कधी त्यांचं. इतकी वर्षं या गावात राहतेय, पण मी इथली झाले ती त्या रविवारांत.

आजारपणाच्या आधी आम्ही शेवटचं वर गेलो. एक पाखरू बोललं. त्यांनी विचारलं, ह्यो कोण? मी म्हणाले, दिसत नाही आक्का, आणि आवाजही ओळखीचा नाही. त्या हसल्या.

"मलाबी न्हाई ठावं. बरं झालं. काहीतरी राहिलंय अजून."

ते पाखरू कोणतं, मला अजून कळलेलं नाही. मी शोधतेय.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका, फोन बंद करा. टेकडीवरून जे ऐकू येईल, ते आक्कांसाठी ऐकूया.